चपलेचा तुकडा आणि एकतीस गुण

कोणत्याही संस्थेतलं नावीन्य वाढवायचं तर आधी ते मोजावं लागतं, आणि मोजायचं तर आधी थांबवावं लागतं. चालत्या माणसाचं वजन कोणी केलंय? या तत्त्वाला धरूनच आमच्या पाकिटांच्या कारखान्यात नवोपक्रम-क्षमता मूल्यमापन समिती बसली. (उभी राहिलेली ती कोणी पाहिली नाही.)

समितीने अकरा दिवसांत एकशे चाळीस प्रश्न विचारले आणि कारखान्याला शंभरपैकी एकतीस गुण दिले. त्यातले नऊ स्वच्छतेचे, सहा सूचनापेटीचे. पेटीची किल्ली हरवली होती, त्यामुळे सूचनांची गोपनीयता अभेद्य ठरली.

मुख्य आक्षेप होता दोन नंबरच्या मशीनवर. हे मशीन पाकिटाच्या झाकणाला डिंक लावतं. पूर्वी डिंकाच्या गुठळ्या होऊन त्याचा रोलर अडकायचा. सात वर्षांपूर्वी फिटरने स्वतःची जुनी चप्पल कापून टाचेचा तुकडा रोलरखाली बसवला. त्यानंतर मशीन अडकलं नाही. समितीने लिहिलं, 'अनधिकृत पादत्राण आढळले. तत्काळ काढावे.' मूल्यमापनाला कोरी पाटी लागते. तुकडा काढून पिशवीत सीलबंद केला. चौथ्या तासाला मशीन अडकलं.

समितीला समाधान वाटलं. गरज ही शोधाची जननी, आणि गरज आता रीतसर निर्माण झाली होती.

लगेच सूचना मागवल्या, चार प्रतींत. फलकावर नियमही लागला: महिनाअखेर ज्या फिटरची एकही सूचना मंजूर नसेल, तो जादा समजून फाटकावर पहाऱ्याला पाठवला जाईल. सव्वीस वर्षं पाना धरलेल्या हातात काठी. फिटरने त्याच दिवशी सूचनापत्र भरलं, 'तुकडा परत लावावा.'

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मिस्त्री, याने मशीन चालेल?"

"चालेल ना साहेब. चालतच होतं."

"तीच तर पंचाईत आहे. रकाना सात वाचा. 'ही कल्पना पूर्वी कुठे वापरली आहे का?'"

"इथंच. सात वर्षं."

"मग नवीन काय त्यात?"

फिटरने पत्र उलटून पाहिलं. समितीकडे आठवा रकाना नव्हता.

घरी बायको म्हणाली, "अहो, 'नाही' लिहून मोकळे व्हा. आजच सुचलं म्हणायचं."

"अख्ख्या खात्याने पाहिलंय ते."

"मोरीचा नळ वर्षभर गळतोय, त्याला तुमची एक चप्पल सुचली नाही. आणि तिकडं एक शब्द खोटा लिहायला जीव जातोय."

फिटरने नळाखाली बादली सरकवली. दुसऱ्या दिवशी तेच पत्र पुन्हा दिलं, फक्त रकाना सातमधला 'होय' जरा मोठ्या अक्षरांत.

दरम्यान दोनशे चौदा सूचना जमल्या. मशीनचं तोंड फिरवावं (सतरा जणांचं मत), मशीनला निळा रंग द्यावा (चाळीस), मशीनशी प्रेमाने बोलावं (एक, या गृहस्थाचं नुकतंच लग्न ठरलं होतं). मंजूर झाली ती हिशेबनिसाची: गुठळ्या होतात, तर डिंकात तीन पट पाणी घालावं. पूर्वी असा विचार कुणीही केला नव्हता, हे निर्विवाद. मशीन अडकायचं थांबलं. पाकिटं चिकटायचीही थांबली, पण तो प्रश्न दुसऱ्या समितीचा.

फिटर आता फाटकावर असतो. मालाची गाडी निघाली की ती थांबवून गठ्ठ्यांना दोरी आवळतो, नाहीतर उघडी झाकणं वाऱ्याने फडफडतात. (दोरीचं प्रकरण समिती पुढच्या फेरीत बघणार आहे.)

वर्षअखेर कारखान्याला ब्याऐंशी गुण मिळाले. त्यातले चाळीस तुमचे आहेत. परवा पाकीट चिकटेना, तेव्हा तुम्ही ते जिभेने ओलं केलंत, दाबून धरलंत, तरी उघडलं म्हणून घरची चिकटपट्टी लावलीत आणि पत्र टाकून आलात. तक्रार केली नाहीत. समितीने याची नोंद 'ग्राहकांचा उत्स्फूर्त नवोपक्रम' अशी घेतली आहे. पुढच्या वर्षी नव्वद गुण हवेत, म्हणून पाकिटाला डिंकच लावू नये असा प्रस्ताव आला होता. तुमच्यावर पूर्ण विश्वास व्यक्त करून तो एकमताने मंजूर करण्यात आला.