हिरीच्या कोंबड्याचं कोवळं हाड

हिरीनं बोललेला नवस फेडायचा राहिला होता, आणि फेडणारी हिरीच गेली होती. 'नवऱ्याचा खोकला जाऊ दे, माझा जाणता कोंबडा देते,' असं ती देवाला बोलली. खोकला गेला, मागोमाग तापात तीही गेली. तलासरीकडच्या त्या पाड्यावर तिच्या नवऱ्याच्या, पांड्याच्या, घरात आता आवाज करणारा एकच जीव उरला होता, तिनं वाढवलेला तांबडा कोंबडा. तो आरवला की हद्दीपलीकडे गुजरातेतली माणसं तोंड धुवायला उठत. पांड्याही त्याच्याच बांगेवर उठे. नाहीतर उठायचं कशाला?

पण सासूनं, नवशीनं, निरोप धाडला, "नवस राहिला तर माझ्या पोरीला वाट नाय गावायची. जेवायला येते."

पांड्यानं गुपचूप डहाणूच्या बाजारातून भरदार ब्रॉयलर आणला. तांबड्याला रिकाम्या कणगीत घालून वर सूप झाकलं. अंधारात कोंबडा आरवत नाही. त्याची गळलेली पिसं अंगणात पेरली आणि "पहाटेच देवाला दिला" असं सगळ्यांना सांगत सुटला.

पाडा जेवायला बसला. नवशीनं तंगडीचं हाड चोखलं, थांबली, पुन्हा जीभ फिरवली.

"जावया, कोंबडा केवढा व्हता?"

"चार पावसाळं बघितलेला, बाय."

"मंग हाड खरखरीत कसं? जाणत्याचं हाड गारगोटीवानी गुळगुळीत. याला बारीक भोकं हायत, दातानं चुरतंय. हे पोर हाय."

"हिरीनं लाडात वाढवला. लाडानं हाड पिकत नाय."

"मंग तुझी पण बघाय पायजेत," शेजारचा लाहू म्हणाला.

नवशी हसली नाही. "लाहू, कणगीवरचं सूप आण. सगळी हाडं उजेडात मांडून बघते."

पांड्या उठेपर्यंत लाहूनं सूप उचललंही. कणगीत उजेड पडला. तांबड्याला वाटलं, उजाडलं. त्यानं अशी बांग दिली की पत्रावळीवरचा भात हलला.

नवशी खरकट्या हातानं आत गेली, कोंबडा काढून मांडीवर घेऊन बसली. पांड्या उंबऱ्यातच उभा राहिला.

"तो गेला तं घरात बोलायचं कोन, बाय?" एवढंच तो म्हणाला.

म्हातारी बराच वेळ कोंबड्याचा पाय चाचपत राहिली. वयाबरोबर वाढणारा टाचेवरचा काटा तिच्या बोटाएवढा होता.

"कोवळा हाय," ती शेवटी म्हणाली. "हाड भरलं नाय अजून. देवाला पोर कसं द्यायचं?"

लाहूनं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मिटलं.

तेव्हापासून दरवर्षी भात कापून झालं की नवशी येते. कोंबड्याला आता दिसत नाही. भर दुपारीही आरवतो. ती त्याला मांडीवर घेते, पाय चाचपते, "अजून कच्चाच," म्हणते, आणि तो आरवेपर्यंत बसून राहते.