मेमरी वाढवून मिळणेबाबत

घरातला कम्प्युटर फार हळू चालतो, ही बाब आईंनी तोंडी निदर्शनास आणून दिली आणि तिथेच त्यांचं चुकलं. कारण ऐकणारे त्यांचे यजमान हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना साहेब म्हणत. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

आईंची निकड साधी होती. सूनबाईचे दिवस भरत आले होते. आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या अंगाया बाळासाठी उतरवून ठेवायच्या होत्या. पेन धरलं की बोटं थरथरत, बटणं दाबायला मात्र जमे. घोडं अडत होतं ते एवढ्यावरच: भांडी घासताना ओळ आठवावी, हात पुसत धावत यावं, कम्प्युटर सुरू करावा, आणि तो डोळे चोळत जागा होईस्तोवर ओळ भुर्रकन उडून जावी, खिडकीतल्या चिमणीसारखी.

"नुसती मेमरी वाढवली तर भागेल का हो?" त्यांनी विचारलं.

"भागेल की नाही, हे ठरवायची एक रीत असते," साहेब म्हणाले.

रीतीप्रमाणे अभिप्राय मागवण्यात आले. मुलगा म्हणाला, नवाच घ्या. सूनबाई म्हणाली, चांगला चालता डबा टाकायचा कशाला, मेमरीच घाला. मतभेद आढळल्यामुळे दुरुस्तीवाल्याला पाचारण करण्यात आलं. त्यानं डबा उघडला, आतल्या धुळीवर फुंकर मारली, शिंकला आणि मेमरी बसेल म्हणाला. पण त्या फुंकरीनंच कम्प्युटर थोडा बरा चालू लागला, आणि प्रकरण गंभीर झालं. यंत्र मुळात मंद आहे की धुळीमुळे मंदावलं, याचा उलगडा होईपर्यंत त्याला कुणीही हात लावायचा नाही, असं साहेबांनी फर्मावलं. त्यावर जुनी चादर पांघरण्यात आली.

"अहो, पण माझ्या ओळी?"

"जैसे थे. ओळी काय पळून चालल्यात?"

पळतच होत्या. एक दूध उतू जाताना गेली, एक जिना चढताना. उरलेल्या आई दिवसभर ओठांवर घोळवत राहिल्या: चांदण्याची केली शाल, वारा म्हणे हळू चाल, निजली वाट, निजलं दार...

चौकशीचं घोंगडं इतकं भिजत पडलं की जुन्या डब्यात बसणारी मेमरी तोवर बाजारातून नाहीशी झाली. साहेबांना हायसं वाटलं. निर्णय आपोआप झाला होता. नवा कम्प्युटर आला. त्याच्या आधी नात आली.

पापणी लवायच्या आत पडदा उजळला. आई खुर्चीवर बसल्या. निजली वाट, निजलं दार, एवढं उमटलं आणि पुढे ती उभी रेघ नुसतीच लुकलुकत राहिली.

"लिही की," साहेब कौतुकानं म्हणाले. "आता मेमरी भरपूर आहे."

"आहे हो," आई म्हणाल्या. "ह्याला आहे."

आतून नात रडली. आईंनी तिला खांद्यावर घेतलं आणि नुसत्या हुंकारावर थोपटलं. ती झोपली. शब्दांवाचून काम भागत असेल तर मुळात मागणीच अवाजवी होती, अशी नोंद साहेबांनी मनातल्या मनात घेतली.

हसू आलं ना? येऊ द्या. आता तुमच्या आईच्या अंगाईची दुसरी ओळ म्हणून दाखवा. अं हं, फोन खाली ठेवा. आठवून.