चारशे बारा देवांचं विसर्जन

मोखाड्यातल्या झाडून साऱ्या कचेऱ्यांतले संगणक बंद पडले तरी आपला पडणार नाही, असं जयवंतीबाईंनी एकदा जाहीर केलं होतं. अगदी हळू आवाजात. बाई सगळंच हळू आवाजात बोलत. पण दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू आणि झेंडूचा हार, रोज सकाळी उदबत्ती, एवढं करूनही यंत्र बिघडलं तर मग माणसानं विश्वास ठेवायचा तरी कशावर?

बिघडलं! आणि तेही नेमकं पंचवीस तारखेला!

जयवंतीबाई अंकुर बालपोषण मंडळाच्या मोखाड्याच्या कचेरीत कारकून होत्या. चौदा पाड्यांवरच्या पोरांना खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू इथून जात. पोरांच्या वजनांचा तक्ता पंचवीस तारखेला ठाण्याला ईमेलने पाठवायचा, दुसऱ्या दिवशी तिकडून मंजुरीचं पत्र येणार, मग धान्याची गाडी भरायची. तक्ता चुकला की गाडी थेट पुढच्या महिन्यात. शिवाय चार वाजता वीज जायची. मोखाड्यात एसटीला उशीर होई, टपालाला होई, पाहुण्यांना तर हटकून होई. लोडशेडिंगला मात्र आजवर एक मिनिट उशीर झाला नव्हता!

"गेला का बाय कागद?" हिरीने बाकावर टेकत विचारलं. खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावर हिरी खिचडी शिजवायची. वजनांची वही छातीशी धरून ती सकाळच्या जीपला लोंबकळत आली होती.

"जाईल हो," जयवंतीबाई म्हणाल्या.

पण ईमेलचा प्रोग्राम उघडला की पडद्यावर वाळूचं घड्याळ येई आणि लग्नात रुसलेल्या जावयासारखं जागचं हलेना! व्यवस्थापक सुदर्शन सर पूर्वी शाळेवर मास्तर होते. त्यांना एकच इलाज ठाऊक.

"बंद करून चालू करा!"

केलं. जावई तसाच.

"पुन्हा करा!"

पाच वेळा झालं. सहाव्यांदा सरांनी संगणकाकडे अशा नजरेने पाहिलं, की तो वर्गातला पोरगा असता तर स्वतःच उठून बाकावर उभा राहिला असता. मग त्यांनी बाजारातून तुळशीदासला बोलावलं. तुळशीदास रेडिओ, टीव्ही, पाण्याचा पंप, सगळं दुरुस्त करी. त्याने आल्या आल्या संगणकाचं पोट उघडलं, आत फुंकर मारली आणि चिमटीत काहीतरी धरून वर काढलं.

"बाई, हे काय?"

"झेंडूची पाकळी," बाई संकोचून म्हणाल्या. "पंख्यातून आत गेली असेल हो."

"एक नाही, अख्खं निर्माल्य आहे आत!"

निर्माल्य निघालं. पेटी बंद झाली. वाळूचं घड्याळ पुन्हा येऊन बसलं!

तेवढ्यात बारा वाजले, आणि बाईंनी पिशवीतून जपमाळ काढली. दुपारी बाराला एकशे आठ मण्यांचा जप, आणि मध्ये एक अक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. शिवाय तीन वर्षांपासून कडक सोमवार. कशासाठी, तर घरच्या नळाला पाणी यावं! बाकी काही मागणं नव्हतं.

तुळशीदास खाटखुट करत होता. पाऊण माळ झाली असेल नसेल, तो ओरडला, "सापडलं! सर, हे बघा, आलेल्या पत्रांचा कप्पा तुडुंब भरलाय. चारशे बारा पत्रं, आणि एकेक पत्र भाताच्या पोत्याएवढं! कुणाची असतील?"

सर म्हणाले, "उघडून बघ."

एक उघडलं. पडदाभर शंकर! दुसरं उघडलं. पडदाभर अंबाबाई! तिसऱ्यात मारुती, चौथ्यात पुन्हा शंकर.

"सगळे देवच!" तुळशीदास म्हणाला. "यांच्या ओझ्याने प्रोग्राम गुदमरलाय. उडवून टाकतो!"

त्याचं बोट खोडायच्या कळीकडे गेलं.

"हूं!! हूं!!"

एका हातात माळ, आणि दुसऱ्या हाताचा अख्खा पंजा बाईंनी कळफलकावर थापला! एका दमात चाळीसेक कळा दाबल्या गेल्या. संगणकाने एक लांब शिट्टी मारली आणि पडदा काळा झाला.

उरलेले मणी संपेपर्यंत तिघं ते मोजत बसले.

"बाई, जरा भरभर जपा ना!" सर काकुळतीला आले.

बाई भरभर जपल्या नाहीत, सावकाशही जपल्या नाहीत. शेवटी माळ डोळ्यांना लावून त्या हळूच म्हणाल्या, "देवाला कचऱ्याच्या टोपलीत टाकणार? अहो तुळशीदास, निदान स्वतःच्या नावाला तरी जागा!"

मग उलगडा झाला. नाशिकची मामेबहीण उज्ज्वला रोज पहाटे त्या त्या वाराच्या देवाचा फोटो पाठवी. आधी दर्शन, मग काम, हाही बाईंचा नेमच. कामाची पत्रं त्या वाचून लगेच खोडत. देव कसे खोडणार?

संगणक पुन्हा चालू होईपर्यंत दोन वाजले. सर म्हणाले, "बाई, पोरांचा प्रश्न आहे." बाईंचे डोळे भरले. "मला कळतंय हो सर. पण हात धजत नाही."

बाकावरून हिरी म्हणाली, "बाय, गणपतीला तुमी दीड दिसाने सोडताच ना? मग यांना पन सोडा की!"

एवढी सोपी गोष्ट दोन पदव्यांच्या सरांना सुचली नव्हती!

समोरच्या हॉटेलातून दही आलं, बाईंच्या डब्यातून पोहे निघाले. दहीपोह्यांचा नैवेद्य संगणकापुढे ठेवला. बाईंनी अक्षता हातात घेताच तुळशीदासने झडप घालून कळफलकावर रुमाल टाकला. "वरून वाहा बाई, तांदूळ आत नको!" एकेक देव उघडायचा, अक्षता वाहायच्या, हात जोडायचे. दहा देवांना वीस मिनिटं लागली तेव्हा सरांनी घड्याळ बाईंच्या पुढ्यातच ठेवलं, आणि उरलेल्या चारशे दोन देवांची बाईंनी एकत्रच उत्तरपूजा केली. शेवटी "पुनरागमनाय च" म्हणून त्यांनी समोरचा पडदा तसूभर उत्तरेला सरकवला.

"काय बोललात, बाय?" हिरीने विचारलं.

"पुन्हा या, म्हटलं. देवाला नुसतं जा म्हणू नये गं."

मग बाईंनी डोळे मिटले आणि स्वतःच्या बोटाने कळ दाबली. देव गेले. तुळशीदासने कप्पा घासूनपुसून साफ केला, आणि खात्री असावी म्हणून ईमेलचं खातंही काढून नव्याने जोडलं. चाराला आठ मिनिटं असताना मॉडेम कोकलला, फोन उचलला की तुटणारी ती लाइन लागली, आणि तक्ता निघाला. ठाण्याला पोचला का विचारायला सरांनी त्याच लाइनवरचा फोन उचलायला हात पुढे केला, तेव्हा तिघांच्या तोंडून एकदम निघालं, "हूं!!"

तक्ता गेला. चारला वीज गेली. हिरीने दहीपोहे संपवले.

दुसऱ्या दिवशी हिरी मंजुरीचं पत्र न्यायला हजर. बाईंनी उदबत्ती लावून प्रोग्राम उघडला. पत्रं येऊ लागली. पहिलं आलं. पडदाभर शंकर! दुसरं आलं. अंबाबाई! खाली आकडा उमटला: चारशे चौदापैकी दोन.

तुळशीदास धावत आला, बघून खाली बसला. "बाई, मूळ प्रती ठाण्याच्या मोठ्या संगणकावर तशाच होत्या. मी खातं नव्याने जोडलं, त्याला सगळी नवीच वाटली!"

"आनि माझा कागद?"

"सगळ्यांच्या मागे. आजचा नवा देव धरून चारशे चौदावा."

दिवसभर चौघं बसून राहिले. देव येत होते, बाई हात जोडत होत्या, फोनकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं. चाराला पाच कमी असताना मंजुरी आली, छापली, हिरीने घडी घालून पदरात बांधली. उंबऱ्याशी ती वळून हसली.

"बाय, तुमीच बोलावलेलं ना त्यांना, पुन्हा या म्हनून?"

जयवंतीबाईंनी वीज जाण्याआधीचा शेवटचा मारुती पाहिला आणि त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नळाला पाणी यावं म्हणून तीन वर्षं सोमवार करतेय गं. ते अजून ऐकलं नाही. हेच बरं एका रात्रीत ऐकलं!"