आमचे प्रसिद्धी अधिकारी

दिघे स्वतःच्या पोटदुखीचीही बातमी करून सांगायचे. "पोटात कळ येत असल्याचे समजते," असं म्हणून ते टेबलावर डोकं टेकायचे आणि आम्ही ओवा शोधायला लागायचो.

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ते प्रसिद्धी अधिकारी होऊन आले, तेव्हा कारखान्याला धड कुंपणही नव्हतं. मी तिथे कारकून. जागेची टंचाई, म्हणून त्यांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटलेलं. त्याआधी पुण्याच्या एका दैनिकात राजकारणावर लिहून त्यांनी भल्याभल्यांची झोप उडवली होती. मग दैनिकाच्या मालकालाच निवडणुकीचं तिकीट मिळालं.

"म्हटलं, यापेक्षा कारखाना बरा. यंत्रं निवडणुकीला उभी राहत नाहीत," दिघे सांगायचे, तेही थकल्या आवाजात, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी तसं.

इथे पाहुण्यांना कारखाना दाखवायचा आणि वर्तमानपत्रांना पत्रकं धाडायची, एवढंच काम. पण विशेषणांशी त्यांचं उभं वैर. साहेबांनी 'भव्य समारंभ' लिहिलं की हे विचारायचे, "त्यात भव्य काय होतं?"

"जिलबी," मी म्हणायचो.

"मग तसं लिहू." आणि खरंच लिहायचे. साहेब चिडून पुन्हा 'भव्य' घालायचे.

एकदा चिखलीच्या बबनचा उजवा हात यंत्रात सापडला. बोटं गेली. साहेबांनी दिघ्यांना बोलावून सांगितलं, "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, असं घाला."

"यंत्राला जाळी नव्हती, साहेब."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

दिघ्यांनी लिहून दिलं. छापून आलं. त्या रविवारी ते सायकल घेऊन माझ्या दारात उभे. "चिखलीला येता का? एकट्याला धीर होत नाही."

बबन ओसरीवर बसला होता, हात फडक्यात गुंडाळलेला. त्याच्या आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "सायेब, आमच्या बबनचीच चूक व्हती व्हय? गावात समदी तसंच म्हनत्यात. पेपरात आलंया."

दिघ्यांनी तांब्या खाली ठेवला. "नाही, मावशी. जाळी लावली नाही ती कारखान्याची चूक. पेपरातलं मी लिहिलं, ते खोटं आहे. चावडीवर येऊन सगळ्यांना सांगतो."

आणि सांगितलं. साहेबांच्या कानावर गेलंच. दिघ्यांचं टेबल उचलून मालाच्या कोठारात गेलं. पिंपं आली की मोजायची, हे नवं काम.

त्या रविवारी चिखलीहून परत निघताना बबन तेवढा म्हणाला होता, "आता सही बी करता यायची न्हाई. तेवढीच येत व्हती मला."

पुढं बऱ्याच दिवसांनी एका रविवारी चिखलीला कामासाठी गेलो, तर ओसरीवर बबन आणि दिघे शेजारी शेजारी, दोघांच्या मांडीवर पाट्या. बबन डाव्या हातानं 'ब' काढत होता. दिघेही डाव्याच हातानं.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"उजव्यानं मी झरझर लिहिलं की तो पाटी बाजूला ठेवतो," ते हळूच म्हणाले.

बबननं त्यांच्या पाटीत डोकावून पाहिलं. "सायबांचं माझ्यापरीस वाकडं येतंय," तो आईला म्हणाला.

दिघे हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. रविवारी वाट पाहणारं त्यांचं घरी कुणी नव्हतं. आतून बबनच्या आईनं न विचारताच त्यांच्या वाटणीची भाकरी थापायला घेतली होती.