निर्मनुष्य टेकडीचा दाखला

सातारा-कराड रस्ता रुंद करायचा आणि त्यात वळणावरची बोडकी टेकडी काढून टाकायची, असं १९९७च्या उन्हाळ्यात रीतसर ठरलं. टेकडीने मुदतीत हरकत नोंदवली नाही. हरकत होती ती मोजणी खात्यातून निवृत्त झालेल्या विष्णुपंतांची. गेली अकरा वर्षं ते रोज सकाळी तिला भेटायला जात. ती जाण्याआधी तिचा एक खराखुरा फोटो काढायचा, एवढंच आता त्यांना हवं होतं.

सगळे काढतात तसा मात्र नाही. मुंगीला दिसते तशी टेकडी दिसली पाहिजे, म्हणून पंत हंबीररावांच्या भुईमुगात पालथे पडले. कॅमेरा उभा धरून त्यांनी डावीकडून उजवीकडे सात फोटो घेतले. ते शेजारी शेजारी चिकटवून हातभर लांब पट्टी करायचा त्यांचा बेत होता.

हंबीरराव पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले. "आवं पंत, चक्कर आली का काय?"

"नाही हो. टेकडीचा फोटो काढतोय."

"मग हुबं ऱ्हावून काढा की! आन् वैनींस्नी म्होरं हुबं करा. नुसत्या टेकडीचा फोटू कुनी काढतं व्हय?"

पंतांच्या पत्नी विनोदिनीबाई इरकली नेसून बांधावर ताटकळल्या होत्या. "हेच मी सकाळपासून सांगतेय," त्या म्हणाल्या.

पट्टी झकास झाली. गवताच्या पात्यांमागून टेकडी अशी उठली होती की पंतांचे डोळे भरून आले. निगेटिव्हसह ती घेऊन ते 'निसर्गवैभव छायाचित्र स्पर्धे'च्या कचेरीत गेले. पहिला आलेला फोटो तिथे कायमचा लागणार होता. टेकडी निदान भिंतीवर तरी राहील, अशी त्यांना आशा होती.

कारकुनाने पट्टी उभी धरली, मग आडवी धरली. "छायाचित्रातील व्यक्तींचं संमतिपत्र कुठंय?"

"यात व्यक्तीच नाही."

"मग नसल्याचा दाखला आणा. तलाठ्याचा."

तलाठी लालासाहेब तत्त्वाचे. ऐकीव माहितीवर दाखला देणं त्यांना मान्य नव्हतं. टेकडीपाशी कोणी नाही याची खात्री करायला ते स्वतः, कोतवाल, पाच पंच, हंबीरराव आणि इरकलीसकट विनोदिनीबाई टेकडीसमोर हजर झाले. पंचनाम्याला पुरावा म्हणून फोटो हवा होता आणि कॅमेरा एकट्या पंतांकडे होता.

"पंत, आता आडवं पडू नगा. आमी समदी दिसलो पायजे," लालासाहेब म्हणाले. "टेकडी मधी येत आसंल तर जरा बाजूला घ्या तिला."

पंतांनी ताठ उभं राहून, कॅमेरा आडवा धरून फोटो काढला. बोट बटणावर ठेवताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कचेरीत पट्टी फाइलपेक्षा लांब भरली. म्हणून तिची घडी घातली, मधोमध दोन भोकं पाडली आणि दोरी ओवली. निगेटिव्ह मूळ कागद म्हणून जमा झाल्या. पुढे त्या कुठे गेल्या, याची नोंद नाही. परीक्षकांना मात्र त्याच फाइलमधला एक फोटो एकमताने पसंत पडला. पंचनाम्याचा. पहिला क्रमांक विष्णुपंतांचा आला.

बक्षीस समारंभाच्या आठवड्यातच सुरुंग लागले. आज कचेरीच्या भिंतीवर नऊ माणसं हसत उभी आहेत आणि लालासाहेबांच्या टोपीमागे बोटभर काळपट काहीतरी दिसतं. "माझा चेहरा छान आलाय हं," विनोदिनीबाई म्हणतात.

पंत अजूनही टेकडीचा एखादा फोटो शोधत आहेत. साताऱ्याहून कराडकडे जाताना आपण कधी त्या वळणावर गाडी थांबवून फोटो काढला असेल, तर कृपया घरचा अल्बम उघडून पाहावा. घाई नाही. मधोमध आपल्याच घरचं कोणीतरी उभं असणार, हे पंतांना ठाऊक आहे.