गायकवाड सर आणि फुगलेली बाटली

आमचे गायकवाड सर चहा पिण्याआधी कप वजनकाट्यावर ठेवतात. पिऊन झाल्यावर रिकामा कप पुन्हा ठेवतात आणि मला विचारतात, "बाई, पोटात गेला तो समजला. वाफेचं काय?" मी सुदुंबऱ्याच्या शाळेत मराठी शिकवते. वाफेचं काय, हे मला आजवर सांगता आलेलं नाही आणि माझा चहा मात्र रोज गार होतो.

सर सातवीला विज्ञान शिकवतात. "काहीही नाहीसं होत नाही!" हे त्यांचं पेटंट वाक्य. तेही ओरडून. पोरं त्यांना टरकून असतात.

परवा मात्र सर स्वतःच अडकले. उघड्या ग्लासात व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळला, फसफस झाली आणि काट्यावरचा आकडा उतरला. पहिल्या बाकावरची सानिका म्हणाली, "सर, कमी झालं की. गेलं कुटं?"

"गॅस झाला. हवेत गेला."

"आमाला तर न्हाई दिसला."

वर्ग हसला. सरांना ते इतकं झोंबलं, की दुपारी डबासुद्धा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची बाटली आणली. आत व्हिनेगर, झाकणाखाली दोऱ्यानं अडकवलेली सोड्याची पुडी, झाकण गच्च. "आता जाईल कुठे?" पुडी चांगली मूठभर सोड्याची होती. डोकं तापलेलं असलं की माणूस बेतानं काही घेत नाही. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं.

वजन केलं, बाटली हलवली, पुन्हा काट्यावर ठेवली. आकडा तोच! सर चक्क नाचले. पण बाटली फुगतच होती. तिचं बूड गोल होऊन ती डुगडुगायला लागली, प्लास्टिक करकरायला लागलं.

"सर, फुटेल ती!" मी किंचाळले.

"बाहेर! सगळे व्हरांड्यात!"

पोरं पळाली. सानिका मात्र काट्यासमोर थिजून उभी. मी तिला मागे खेचलं. सरांनी बाटली उचलून पोटाशी धरली, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून झाकण पिळायला लागले. घामानं हात निसटत होता. मला भीतीनं रडूच फुटणार होतं.

झाकण जरासं फिरलं. सूंऽऽ करत गॅस निघाला, बाटली सैल पडली.

सानिकानं ती सरांच्या हातातून घेतली आणि झाकणासकट काट्यावर ठेवली. "सर, आता कमी झालं! म्हंजी कालबी गॅसच गेलता!"

हे ऐकण्यासाठी तर सर उपाशी राहिले होते. पण सर वर्गात होतेच कुठे? ते बाटली सोडताच व्हरांड्यात धावले होते आणि एकेका पोराचं डोकं चाचपत मोजत होते. मोजून झालं, की पुन्हा पहिल्यापासून.

"बाई," ते म्हणाले, "एक कमी भरतंय."

सानिका आतून धावत आली आणि त्यांच्या हाताखाली डोकं धरून उभी राहिली.