शेवाळाची समाधानकारक वाढ

निसर्ग जिथे आहे तिथे कोणाच्याही देखभालीशिवाय बरा चालतो. म्हणूनच त्याला घरी आणून शिस्त लावावी लागते. आमच्या भावोजींनी हे कार्य निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात हाती घेतलं. तीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासल्यामुळे, समोर काहीतरी मोजण्याजोगं असल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

ताईने पुस्तकांचं कपाट माळ्यावर धाडलं. त्या जागी काचेची टाकी, तीनशे लिटर खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि मुठीएवढं जांभळं प्रवाळ आलं. प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा जीव. खुशीत असला की बारीक बोटं उघडून पाण्यात हलवत राहतो. भावोजी तासन्‌तास त्याच्याकडे बघत. इतक्या मायेने ते कोणाकडे बघू शकतात हे ताईला लग्नानंतर एकतीस वर्षांनी कळलं. (मी तिचा भाऊ, मत दिलं नाही.)

दुसऱ्या महिन्यात शेवाळ आलं. हिरवं, लांब, न विंचरलेल्या केसांसारखं. भावोजींनी वही केली. पहिल्या नोंदीत ‘लांबी एक सेंटिमीटर’, आठव्या दिवशी ‘चार, वाढ समाधानकारक’. सवयीने लिहिलं गेलं.

मग उपाय सुरू झाले. टाकीचा दिवा तीन दिवस बंद ठेवला. उजेड झिरपू नये म्हणून बैठकीचे पडदेही लावले. घरची माणसं एकमेकांवर आपटली, शेवाळ वाढलं. नव्या टूथब्रशने दगड घासले. सुटलेले तुकडे ज्या कोपऱ्यात शेवाळ नव्हतं तिथे जाऊन स्थायिक झाले. शेवटी शेवाळ खाणाऱ्या बारा गोगलगायींची नेमणूक झाली. पैकी सात काचेवर हजर, पाच शंखात. गोगलगाय विश्रांती घेतेय की वारलीय हे ठरवायला आठवडा लागतो. (ही सोय इतर खात्यांतही आहे.) हजर असलेल्याही शेवाळाला तोंड लावीनात.

प्रवाळ मिटलं ते मिटलंच. कडा पांढरी पडू लागली तेव्हा भावोजींनी वही बंद केली आणि नुसते टाकीसमोर बसून राहिले. ताई घाबरली. तिने टाकीच्या दुकानदारालाच घरी बोलावलं.

त्याने पाणी तपासलं, भुवया चढवल्या आणि विचारलं, “खायला कोण घालतं?”

“मी,” भावोजी म्हणाले. “सकाळी एक चिमूट. नोंद आहे.”

“आणखी कोणी?”

मग ताई पदराशी चाळा करत म्हणाली, “दुपारी मी. अगदी नखभर. हे झोपलेले असतात ना.”

“संध्याकाळी मी घालते,” भावोजींच्या आई म्हणाल्या. “तो डावीकडचा माझ्याकडे बघूनच तोंड उघडतो.”

भाची म्हणाली, “मी ऑफिसला निघताना. आणि गोगलगायींना वेगळं. त्या काहीच खात नव्हत्या, वाईट वाटलं.”

मी आठवड्यातून फक्त तीनदा जातो, हे मी आधीच स्पष्ट केलं.

दुकानदार म्हणाला, “साहेब, ही शेवाळाची खानावळ आहे. उरलेलं कुजतं, त्यावर ते पोसतं.”

भावोजी आळीपाळीने सगळ्यांकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी हजारो काटे पकडले होते. घरच्या चिमटीचं वजन करायचं राहून गेलं होतं. रागावतील असं वाटलं, पण ते म्हणाले, “म्हणजे तुम्हालाही आवडतात ते?”

खाण्याचा डबा कुलपात गेला. पाच आठवड्यांत शेवाळ विरळलं, गोगलगायी कामाला लागल्या (नाइलाजाने), आणि एका सकाळी प्रवाळाने दोन बोटं उघडली. भावोजींनी सगळ्यांना हाका मारून उठवलं.

टाकी आता पाहण्यासारखी झाली आहे. आपण जरूर या. फक्त दारात खिसे रिकामे करावे लागतील. राग मानू नका. मागच्या पाहुण्यांनीही ‘आम्ही कशाला काही घालू?’ असंच म्हटलं होतं, आत्ता आपण म्हणालात अगदी त्याच सुरात.